काठोकाठ चहा

“हा का थांबला?” पप्पांनी विचारलं.

रस्ता सहापदरी होता आणि पप्पांनी नुसता एक पाय फुटपाथवरून खाली टाकला होता. तेवढ्यानं डावीकडून येणारी पांढरी गाडी थांबली. तिच्या शेजारची काळी थांबली. मागून अख्खी बस येऊन थांबली. पप्पांनी घाईघाईनं पाय वर घेतला.

“आपल्यासाठी थांबलेत, पप्पा. चला,” शलाकाताई म्हणाली.

“आपण कोण लागून गेलो? हॉर्नसुद्धा दिला नाही त्यांनी. काहीतरी डाव असणार यात.”

त्यांनी ड्रायव्हरला हातानं ‘तुम्ही व्हा पुढं’ केलं. ड्रायव्हरनं त्यांना ‘तुम्ही व्हा’ केलं. पप्पांनी हात जोडले. ड्रायव्हरच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. शेवटी ताईनं एका हातात पप्पांचं मनगट धरलं, दुसऱ्या हातात माझं, आणि बाजारात गुरं ओढावीत तसं आम्हा दोघांना ओढत पलीकडे नेऊन उभं केलं.

पप्पांनी खिशातली डायरी काढली, पेनाचं टोपण दातात धरलं आणि लिहिलं: ‘वाहनचालक संशयास्पद.’

हे अल्माटी. कझाकस्तानातलं. मी तेव्हा सातवीत होते, आता दहावीत आहे, आणि आता शाळेच्या गॅदरिंगचं पान माझ्या सूत्रसंचालनाशिवाय हलत नाही. पण तेव्हाची मी वेगळी होते. दुकानात पेन घ्यायचा असला तरी मी ताईच्या मागे उभी राहायचे आणि ताई म्हणायची, “काका, हिला निळा पेन द्या.” बाईंनी वर्गात काही विचारलं तर मी दाराकडे बघायचे, जणू ज्युनियर कॉलेजातून ताई येऊन उत्तर देणार आहे. मला तोंड होतं, पण ते ताईच्या चेहऱ्यावर बसवलेलं होतं.

आणि हे तोंड आता सहा वर्षांसाठी परदेशी चाललं होतं. ताईला तिथल्या एका मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला होता. कॉलेज अल्माटीपासून उत्तरेला, ट्रेननं चौदा तास. विमान अल्माटीत उतरणार, दोन दिवस तिथं थांबायचं, तिसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या बाई सगळ्या नव्या मुलांना घेऊन ट्रेननं जाणार, आणि पप्पा आणि मी परत कऱ्हाडला. असं ठरलं होतं. म्हणजे ताईचं ठरलं होतं. पप्पांचं ठरलेलं नव्हतं.

“मी शहर बघणार, माणसं बघणार,” निघताना त्यांनी आईला सांगितलं होतं. “पटलं तर ट्रेनमध्ये बसवणार. नाही पटलं तर तिघं परत.”

आईला रजा नव्हती म्हणून तिच्या जागी माझी वर्णी लागली. “बारके, पप्पांवर लक्ष ठेव,” तिनं मला बजावलं होतं.

पप्पा कऱ्हाडच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहेत. कुठली गाडी कितीला लागली, कितीला सुटली, हे नोंदवणं आणि माईकवरून ओरडणं हे त्यांचं काम. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट डोळ्यांसमोरून गेली की तिच्यापुढे शेरा लिहायची त्यांना सवय. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत डायरीचं दीड पान भरलं. ‘माणसं हसत नाहीत.’ ‘पाट्या वाचता येत नाहीत.’ ‘रस्ते गरजेपेक्षा रुंद.’ ‘ऑक्टोबरात कानटोपी लागते.’ बसमध्ये एका आजीबाईंनी पप्पांच्या खांद्यावर टकटक करून त्यांना सीटवरून उठवलं आणि स्वतः बसल्या, ते तर दोन ओळींत आलं. ताई म्हणाली, “बरोबर केलं त्यांनी. मोठ्यांना जागा द्यायची असते.” पप्पा म्हणाले, “मी पन्नाशीचा आहे!” ताई म्हणाली, “त्यांनी तुम्हाला तरुण समजलं. लिहा की हे डायरीत.” लिहिलं नाही.

आम्ही साउले नावाच्या बाईंकडे खोली घेतली होती. त्या तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या, त्यामुळे ताई आणि त्या सुसाट बोलायच्या, मी ऐकायचे आणि पप्पा मान डोलवायचे. शहराच्या दक्षिणेला भिंतीसारखा डोंगर, त्याच्या माथ्यावर बर्फ. साउले म्हणाल्या, इथं रस्ता सांगताना उजवं-डावं नसतं. डोंगराकडे म्हणजे वर, उलटीकडे म्हणजे खाली. हरवणं शक्यच नाही. पप्पा कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायला गेले आणि पाऊण तास हरवले.

रात्री जेवायला साउलेंनी भाताबरोबर मांसाच्या पातळ पातळ चकत्या ठेवल्या. पप्पांनी दोन खाल्ल्या, तिसरी उचलली, आणि मग सहज विचारलं, मटण का?

साउले म्हणाल्या, “हॉर्स.”

तेवढं इंग्रजी पप्पांना येत होतं. चकती हातातच राहिली.

“घोडा?” ते मराठीत ओरडले. “अगं, पालीच्या खंडोबाचं वाहन आहे ते! आपलं कुलदैवत! त्याला काय सांगू मी आता, तुमची गाडी खाल्ली म्हणून?”

ताईला हसू आवरेना. तिनं साउलेंना काहीतरी समजावलं, साउलेही हसल्या, आणि मी हातातला घास परत ताटात ठेवला. कारण ताई त्या टेबलाशी अशी बसली होती, जशी ती कऱ्हाडला आमच्या ओट्यावर बसते. मांडी घालून. तिला हे शहर आवडलं होतं. घोड्यासकट.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते केलं.

ताई आंघोळीला गेली होती. पप्पा खिडकीशी उभे राहून दाढी करत होते. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी पप्पांना कुणी न विचारता एक अख्खं वाक्य सांगितलं.

“पप्पा, ताई रात्री रडत होती. म्हणाली, मला नाही राहायचं इथं, पण पप्पांना कसं सांगू.”

खोटं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. आणि काय सुरेख जमलं होतं! आवाज थरथरला, डोळे खाली, सगळं. आता वाटतं, माझ्या सूत्रसंचालनाची सुरुवात तीच.

पप्पांनी वस्तरा थांबवला. आरशातून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

“असं म्हणाली?”

“हो.”

“बरं,” ते म्हणाले आणि दुसऱ्या गालाला लागले.

त्या दिवशी साउले आम्हाला डोंगरावर घेऊन गेल्या. रोपवेचे काचेचे डबे होते. पप्पा आत बसले आणि डबा सुटताच डोळे मिटून “येळकोट येळकोट जय मल्हार” सुरू झाले. समोर एक जाडजूड बाई बसल्या होत्या, त्यांनी पप्पांना खाऊचं चॉकलेट दिलं. खाली झाडं आधी पिवळी होती, मग पांढरी. ताई काचेला नाक चिकटवून बसली होती आणि दर मिनिटाला म्हणत होती, “नंदू, बघ! नंदू, ते बघ!” मी बघत नव्हते. मी पप्पांकडे बघत होते.

वर गुडघाभर नाही, पण घोटाभर बर्फ होता. ताईनं जन्मात पहिल्यांदा बर्फाला हात लावला आणि तो माझ्या मानेत घातला. मी किंचाळले. ती हसत हसत पडली, तशीच आडवी पडून राहिली. पप्पा तिच्याजवळ जाऊन उभे राहिले.

“शलाके, ऊठ. आपण परत जायचं.”

“खाली? आत्ताच तर आलो.”

“कऱ्हाडला. तिघंही.”

ताई बर्फातच उठून बसली. “का?”

“माझं ठरलंय.”

“पण का? रस्ते रुंद आहेत म्हणून? माणसं हसत नाहीत म्हणून?”

“ठरलंय म्हणतो ना.”

मला वाटलं होतं ती भांडेल. ताई म्हणजे कऱ्हाडमधली सगळ्यात भांडकुदळ मुलगी, भाजीवाल्या मावशी तिला बघून आपणहून भाव उतरवायच्या. पण ती उठली, अंगावरचा बर्फ झटकला आणि आमच्यापासून लांब, कठड्याशी जाऊन उभी राहिली. पाठ आमच्याकडे. साउलेंनी मला डोळ्यांनी विचारलं, काय झालं? मी खांदे उडवले. जिंकले होते मी. जिंकल्यावर ताईच्या पाठीकडेही बघवत नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

परतताना साउलेंच्या आईकडे चहाला जायचं ठरलेलं होतं. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं बैठं घर, निळ्या खिडक्या, दारात सफरचंदाची झाडं. साउलेंच्या आईला सगळे अपा म्हणायचे. सत्तरीच्या, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, चेहरा त्या शहरातल्या सगळ्या चेहऱ्यांसारखा, म्हणजे दगडी. बुटक्या टेबलाभोवती गाद्या घातल्या होत्या. टेबलावर तळलेले फुगीर गोळे, जॅम, साय, सुकामेवा, बोट ठेवायला जागा नाही. ताई कोपऱ्यात बसली. साउलेंनी काही विचारलं तर ‘येस’, नाहीतर ‘नो’.

पप्पांना ते सहन होत नव्हतं. ते सारखे तिच्याकडे बघायचे, मग गोळा खायचे, मग परत बघायचे.

साउले चहा ओतत होत्या. दुधाचा चहा, बिनकानाच्या वाटीसारख्या कपांत. प्रत्येकाला अर्धा. अर्ध्याहूनही कमीच. दोन घोटांत संपायचा, मग त्या कप परत घ्यायच्या, पुन्हा अर्धा द्यायच्या.

“अर्धा कप?” पप्पा माझ्या कानात म्हणाले. “पुण्यात उतरवलं काय गं आपल्याला?”

दुसऱ्यांदा अर्धा. तिसऱ्यांदा अर्धा. पप्पांच्या आतला यजमान अस्वस्थ व्हायला लागला. एक तर लेकीला दुखावलेलं, तिच्याशी बोलायची हिंमत नाही, आणि समोर ही चहाची कंजुषी. कुणाला तरी काहीतरी भरभरून द्यावं असं त्यांना झालं असणार. त्यांनी एकदम हात पुढे करून साउलेंच्या हातातली किटली घेतली.

“द्या इकडं. बसा तुम्ही. लेकीसारख्या तुम्ही आम्हाला, कधीच्या ओतताय.”

आणि त्यांनी सुरुवात केली ती थेट अपांपासून. मानाचा पहिला कप. काठोकाठ. आमच्याकडे कपातला चहा बशीत सांडला नाही तर तो पाहुणचार कसला! पप्पांनी असा भरला की वर फुगवटा आला. मग मोठ्या प्रेमानं, दोन्ही हातांनी, तो अपांसमोर ठेवला.

साउलेंच्या तोंडाचा आ झाला.

अपांनी कपाकडे बघितलं. पप्पांकडे बघितलं. परत कपाकडे. मग गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, खुंटीवरचा कोट घातला, दाराशी जाऊन रबरी बूट चढवले आणि दार लावून बाहेर निघून गेल्या.

“काय झालं?” पप्पा किटली धरून तसेच. “बाथरूमला गेल्या का?”

साउले भराभरा ताईला काहीतरी सांगत होत्या. ताईनं कपाळावर हात मारला. दोन तासांत ती पहिल्यांदा आपणहून बोलली.

“पप्पा, यांच्याकडे कप अर्धा देतात तो मान असतो. म्हणजे सारखा सारखा द्यायला मिळावा, तुम्ही बसावं. आणि काठोकाठ भरून दिला तर त्याचा अर्थ, हा प्या आणि निघा.”

पप्पांना कळायला जरा वेळ लागला.

“म्हणजे मी त्यांना…”

“त्यांच्याच घरातून हाकललंत.”

पप्पांनी किटली खाली ठेवली, जणू ती फुटणार आहे. घामानं कपाळ डबडबलं. “नंदे, तू जा बाहेर. तू लहान आहेस, तुला मारणार नाहीत. पाया पड. सांग, वडील अडाणी आहेत.”

“कुठल्या भाषेत सांगू?”

“पाया पडायला भाषा लागते काय? पळ!”

ताई उठत होती. नेहमीसारखं, माझ्या वाटचं बोलायला. पण का कोण जाणे, मी म्हणाले, “तू बस. मी जाते.”

बाहेर अपा सफरचंदाच्या झाडाखाली बाकावर बसल्या होत्या. पाठमोऱ्या. खांदे गदगदत होते. रडतायत! मी धावत गेले आणि त्यांच्या पायांवर जवळजवळ आदळलेच. अपांनी मला उचललं. त्या रडत नव्हत्या. हसत होत्या. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, चार सोन्याचे दात दाखवत. त्यांनी खिडकीकडे बोट केलं. आत पप्पा येरझाऱ्या घालताना दिसत होते. मग ओठांवर बोट ठेवून त्यांनी मला शेजारी बसवलं. जरा बसू, म्हणाल्या असणार. जरा उकळू दे त्याला.

आणि त्यांच्या शेजारी बसल्यावर मला काय झालं देव जाणे, मी बोलायला लागले. मराठीत. भडाभडा. की ताईला इथं राहायचंय, की ती रडली-बिडली काही नाही, की मीच सांगितलं, की ती गेली तर मी शाळेत काय करू, दुकानात काय करू, की आता पप्पा तिला परत नेणार आणि ती आयुष्यभर त्यांच्याशी बोलणार नाही, आणि माझ्याशी बोलेल, आणि तेच मला सहन होणार नाही. अपा ऐकत होत्या. मधे मधे हुंकार दिल्यासारखं “इय्ये, इय्ये,” म्हणत होत्या. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. मग त्यांनी रुमालाच्या टोकानं माझं नाक पुसलं, चांगलं दाबून, आणि त्यांच्या भाषेत बरंच काही सांगितलं. मलाही एक अक्षर कळलं नाही. मग त्या उठल्या, माझा दंड धरला आणि मला दाराकडे ढकललं.

आत शिरल्या शिरल्या पप्पा हात जोडून पुढे आले. अपांनी त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि खदखदून हसल्या. साउलेंचा जीव भांड्यात पडला. पप्पाही हसायला लागले, रडवेलं हसू.

“पप्पा,” मी म्हणाले, “ताई रडली नव्हती.”

सगळ्यांचं हसणं थांबलं. अपांचंही. त्यांना आवाज कळला असणार.

“मी खोटं सांगितलं. ती काहीच म्हणाली नव्हती. तिला राहायचंय.”

“कोण रडलं नव्हतं?” ताई म्हणाली. “काय सांगितलंस तू?”

मी तिलाही सांगितलं. अख्खं. ताईनं माझ्याकडे असं बघितलं की मारलं असतं तर परवडलं असतं.

पप्पा गादीवर बसले. टेबलावरचा एक मनुका उचलून परत ठेवला.

“मला ठाऊक होतं,” ते म्हणाले.

“काय ठाऊक होतं?”

“रडली नाही ते. मला झोप कुठं होती? मी रात्रभर जागा. शलाका म्हशीसारखी घोरत होती.”

“मी घोरत नाही!” ताई ओरडली.

“घोरतेस.”

“घोरतेस,” मी म्हणाले.

“तू गप!”

“मग तुम्ही ऐकलंत कशाला माझं?” मी पप्पांना विचारलं.

पप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, “दोन दिवस कारण शोधत होतो. रुंद रस्ते, घोडा… एकही कारण असं नाही की जे हिच्या तोंडावर सांगता येईल. तू आणून दिलंस, घेतलं मी.” मग जरा थांबून, “बापाला असलं काही सांगू नये गं. बाप घेतो.”

साउले हळू आवाजात हे सगळं अपांना सांगत होत्या. ताईनं मधे मधे इंग्रजीत भर घातली, घोरण्याचा भाग सोडून. अपांनी शेवटपर्यंत ऐकलं. हात लांब करून किटली घेतली.

आधी ताईचा कप. दोन घोट. अर्ध्याहून कमी. तो त्यांनी उजवा हात छातीशी नेत ताईसमोर ठेवला.

मग पप्पांचा. त्या ओतत राहिल्या, ओतत राहिल्या, पार काठाला येईपर्यंत.

मग माझा. तोही काठोकाठ.

कुणी भाषांतर केलं नाही. पप्पा कपाकडे बघत राहिले. मी कधी कधी त्यांना एखादी गाडी सोडताना बघितलं आहे, शिट्टी तोंडात धरतात आणि वाजवायच्या आधी एकदा शेवटचं आत बघतात, तसे ते ताईकडे बघत होते. मग त्यांनी कप दोन्ही हातांनी उचलला आणि तो जळजळीत चहा एका दमात पिऊन टाकला.

“सकाळची गाडी कितीची?” त्यांनी विचारलं. जीभ भाजली होती, शब्द बोबडे येत होते.

“सात चाळीस,” ताई म्हणाली.

“अर्धा तास आधी जाऊ. फलाट बघून ठेवायला पाहिजे.”

ताईनं तिचे दोन घोट प्यायले. अपांनी लगेच कप घेतला, पुन्हा दोन घोट दिले.

पप्पांनी कोट घातला. मफलर गुंडाळला. आता थांबलं होतं ते फक्त माझ्या कपासाठी.

कप गरम होता, धरायला कान नाही. मी काठाला ओठ लावून एक थेंब घेतला. मग बराच वेळ काही नाही. मग आणखी एक थेंब. बाहेर डोंगर गुलाबी झाला, मग राखाडी. ताई सरकून माझ्या शेजारी आली. बोलत नव्हती माझ्याशी, पण तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकला होता आणि तिनं तो काढून घेतला नाही. साउलेंनी ताटं आवरली. अपा भिंतीला टेकून पेंगत होत्या. एक एक मिनिट मोजून जगणारा माझा बाप कोट-मफलर घालून दाराशी उभा होता, आणि त्यानं एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही.

शेवटी ताईनं माझ्या कपात डोकावून बघितलं.

“साय धरली त्याच्यावर, माकडा,” ती म्हणाली. “पी आता.”

“पिते की,” मी म्हणाले. “गरम आहे अजून.”